पांढरी पाच

मुलांनो, मांडी घालून बसा. हातातलं ते यंत्र जरा बाजूला ठेवा. एका जंगलात एक डुकरीण राहत होती. जंगलाचं नाव विचारू नका. सांगितलं तर तिथली मंडळी मलाही परीक्षक म्हणून बोलावतील.

डुकरिणीचं नाव मुसंडीबाई. तिला एका वेतात सात पिल्लं झाली. रानडुकराची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांच्या अंगावर फिकट पांढरे पट्टे असतात. चार-सहा महिन्यांत ते आपोआप जातात. तुमचे दुधाचे दात पडतात, तसंच. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण सातव्या पिल्लाचे पट्टे जरा ठसठशीत होते, आणि तेवढ्यावर मुसंडीबाईच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

त्या सातव्या पिल्लाचं नाव ढेकळी. माती दिसली की नाक खुपसायचं, एवढं एकच वेड तिला. एकदा तिनं उकरता उकरता एक कंद बाहेर काढला. बोटभर होता, पण स्वतः काढलेला होता. ती नाचत बापाकडे गेली.

"आबा, मला गावला!"

"झ्याक!" बाप म्हणाला. "आता त्याच्या खालचा काढ. खालचा लई गोड असतोय. आणि रोज उकरत जा बरं का. नाक आत्ताच घट्ट होतंय. एकदा मऊ राहिलं की राहिलंच. मऊ नाकाचं डुक्कर जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसतंय."

ढेकळीनं पुन्हा नाक खुपसलं. तेवढ्यात तरसराव आले.

तरसराव हे त्या जंगलातले मोठे हसरे गृहस्थ. हसायला त्यांना कारण लागत नसे. कुणाच्या घरात काय विकण्याजोगं आहे ते हुंगत फिरायचं, हा त्यांचा व्यवसाय. ढेकळीकडे बघून ते हसले आणि म्हणाले, "वहिनी, असलं पोर तुम्ही मातीत घालताय?"

"मी कशाला घालतेय? तीच जाते," मुसंडीबाई म्हणाल्या. "काढा म्हणता का?"

"ताबडतोब काढा. हे पट्टे आहेत तोवर जग आपलं आहे."

त्याच दिवशी ढेकळीच्या नाकाला पळसाचं पान बांधलं गेलं. नाक खरखरीत झालेलं जाहिरातीत चालत नाही म्हणे. नावही बदललं. ढेकळी हे काय नाव आहे? ती आता बेबी पट्टराणी झाली.

पहिली जाहिरात कशाची मिळाली असेल? चिखलाची! नदीच्या सुसरबाईंनी अंगाला लावायचा खास गाळ विकायला काढला होता. 'सुसरबाईंचा गाळ, पाठ मऊ!' असं बेबी पट्टराणीनं लाडात येऊन म्हणायचं होतं. ढेकळी हरखली. चिखल! तिनं पानासकट नाक त्यात घालायला घेतलं, तर मुसंडीबाईंनी तिला कानाला धरून मागे ओढलं.

"अगं कार्टे, तो विकायचा आहे! त्याच्याकडे बघून नुसतं हसायचं!"

ढेकळी हसली. सगळ्या जंगलानं तिचं हसू पाहिलं आणि गाळ विकत घेतला. ज्यांच्या दारात फुकटचा चिखल होता त्यांनीही घेतला. जंगलातली माणसं म्हणजे प्राणी किती शहाणे असतात ते यावरून ओळखा.

मग जाहिरातींची रांग लागली. अस्वलाचा मध, माकडाचं मलम, आणि कुणा घुशीच्या बिळांची नवी वसाहत. सहा भावंडं तिकडे चिखलात लोळत होती, भांडत होती, उकरत होती. सातवी पान बांधून उभी असायची. ती भावंडांकडे बघायची आणि मुसंडीबाई म्हणायच्या, "त्यांच्याकडे काय बघतेस? ती सगळी पुढे डुकरं होणार आहेत."

पुढे नाटक आलं. वानरांची एक नाटकमंडळी होती. त्यांना वाघाच्या बछड्याचं काम करायला कुणीतरी हवं होतं. खुद्द वाघाचा बछडाही परीक्षेला आला होता. वानर दिग्दर्शकानं त्याला चारही बाजूंनी पाहिलं आणि नाक मुरडलं.

"वाघ म्हणून पटत नाही. डरकाळी फार उघडी आहे. पट्ट्यांत भावना नाही."

काम बेबी पट्टराणीला मिळालं. शेवटच्या प्रवेशात बछड्याची आई मरते आणि बछडा रडतो. ढेकळीला काही रडू येईना. तिची आई तर समोर धडधाकट उभी होती! तेव्हा मुसंडीबाईंनीच युक्ती काढली. त्या आडोशाला उभ्या राहिल्या आणि मातीनं माखलेला एक ताजा कंद त्यांनी ढेकळीला दाखवला. दाखवला आणि परत लपवला. ढेकळीच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडातही आलं. प्रेक्षक हमसून हमसून रडले. समीक्षक पोपटानं लिहिलं की इतकं आतून आलेलं दुःख या रंगभूमीनं पाहिलेलं नाही. ते खरंच होतं. फक्त ते कशाचं होतं हे विचारावं असं त्याला वाटलं नाही.

असे सहा महिने गेले आणि व्हायचं ते झालं. पट्टे पुसट होऊ लागले.

मुसंडीबाईंचं अवसान गळालं. पण ती बाई हार मानणारी नव्हती. नदीकाठची शाडू आणली, तिच्यात चुना कालवला आणि रोज सकाळी काडीनं पोरीच्या पाठीवर पट्टे ओढायला सुरुवात केली. पाच पट्टे. बरोबर पाच, सगळे पांढरे. वाळेपर्यंत ढेकळीनं हलायचं नाही, बसायचं नाही, शिंकायचंही नाही. अंगानं ती आता चांगली दांडगी झाली होती. तरी नावामागचं बेबी काही सुटलं नाही.

"पोरीला आता तरी उकरू दे की," बाप एकदा भीत भीत म्हणाला. "नाक बघ तिचं. लोण्यावानी झालंय."

"अहो, तुम्ही गप्प बसा. तुम्हांला कलेतलं काय कळतं?"

बाप गप्प बसला. तो नेहमीच गप्प बसायचा, आणि मला विचाराल तर सगळ्यांत मोठा राग मला त्याचाच येतो.

तरसराव हसत आले. "वहिनी, नुसत्या अभिनयावर आता भागत नाही. गाणंही पाहिजे. 'जंगलाचा गोड गळा' ही स्पर्धा जवळ आलीय. बेबीला बगळेबुवांकडे घाला."

बगळेबुवा हे जंगलातले थोर गवई. डोळे मिटून एका पायावर उभे असत. भक्तांना वाटे, बुवांची समाधी लागली आहे. बुवांचं लक्ष माशाकडे असे.

आता मुलांनो, इथे कान देऊन ऐका. गाणाऱ्याचा सा किती उंचावर धरायचा, त्याला पट्टी म्हणतात. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून ती सांगायची असते. कुणाची काळी एक, कुणाची काळी चार. ज्याचा जसा गळा, तशी त्याची पट्टी. बुवा प्रत्येक नव्या शिष्याला पहिला प्रश्न हाच विचारत.

"पट्टी कोणती?" बुवांनी एक डोळा उघडून विचारलं.

मुसंडीबाईंचा ऊर भरून आला. इतक्या मोठ्या माणसानं पहिल्याच भेटीत नेमकं तेच विचारलं होतं!

"पांढरी. पाच," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मी स्वतः बसते तिला घेऊन. वाळेपर्यंत सोडत नाही."

बुवांनी दुसराही डोळा उघडला. पांढरी पाच म्हणजे फार उंच. तिथे कोकिळा गाते. आणि घसा वाळेपर्यंत रियाझ! "वा!" बुवा म्हणाले. "आई असावी तर अशी. पांढरी पाच तर पांढरी पाच."

पोरीचा आवाज एकदा ऐकून बघावा, हे तरसराव, मुसंडीबाई आणि बुवा या तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. बुवांना सुचलं नाही, कारण तेवढ्यात मासा हलला.

ढेकळीचा खरा आवाज खाली होता, पार पोटात. बाप तिला सांगायचा, "तुझी आजी नुसती गुरगुरली तरी बिबट्या वाट सोडायचा. आपला आवाज जमिनीखालनं येतो, पोरी." पहिल्या दिवशी तिनं पेटीसमोर तोंड उघडलं तसा तोच आवाज आला. गुर्र! इतका भरीव की पेटीवर बसलेल्या माश्या उडाल्या.

"छे छे! वर!" बुवा म्हणाले. "वर चढ!"

ती वर चढली. गळ्याच्या शिरा टचटचून फुगल्या. घशात काटा रुतल्यासारखं झालं.

"आई, दुखतंय गं."

"दुखणारच. कलेसाठी दुखावं लागतं," मुसंडीबाई म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं कुठेही दुखत नव्हतं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. अख्खं जंगल लोटलं. बेबी पट्टराणी पाच पट्टे मिरवत मंचावर उभी राहिली. पेटीनं पांढरी पाच धरली. ढेकळीनं डोळे मिटून सूर लावला आणि गळा फाटला. गाण्याऐवजी किंकाळी आली. सुरी लागल्यावर डुक्कर ओरडतं तशी, लांब, थरथरणारी, अंगावर काटा आणणारी.

ढेकळीला क्षणभर वाटलं, सुटले! आता सगळे हसतील, मला घरी पाठवतील, आणि मी सरळ ओढ्याकाठच्या मातीत जाईन.

तेवढ्यात परीक्षक हत्तीनं सोंडेनं डोळे पुसले. "काय वेदना आहे!" तो म्हणाला. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

मग सगळं जंगल ओरडू लागलं. वन्स मोअर! वन्स मोअर! तिनं आईकडे पाहिलं. आई टाळ्या वाजवत होती. ढेकळी पुन्हा किंचाळली. तिसऱ्यांदा किंचाळली. तिच्या पाठीवरून घामाचे ओघळ निघाले आणि पाचही पट्टे वाहून गेले. समीक्षक पोपटानं लिहिलं, 'भर मंचावर पट्टे उतरवण्याचं धाडस!' गोड गळ्याची ढाल तिलाच मिळाली. ती घ्यायला ती पुढे गेली आणि धन्यवाद म्हणायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली. ना किंकाळी, ना आजीची गुरगुर. ते दोन्ही कायमचं गेलं होतं.

मुसंडीबाईंनी चार दिवस हळद-मध चाटवला. पाचव्या दिवशी त्यांना पुन्हा पिल्लं झाली, आणि त्यांतल्या एकीचे पट्टे काय ठसठशीत होते म्हणून सांगू! पळसाची पानं पुन्हा आली. तरसराव हसत आले. ढेकळीची आठवण कुणाला राहिली नाही.

ती एकटी ओढ्याकाठी गेली. किती दिवसांनी! ओल्या मातीचा वास आला आणि तिचा जीव कासावीस झाला. तिनं नाकाचं पान फेकून दिलं आणि नाक खुपसलं. खालचा कंद गोड असतो. पण नाक लोण्याचं. एक खडा लागला आणि रक्त आलं. ती पुन्हा उकरायला गेली, पुन्हा रक्त आलं. वीतभर अंतरावर, मातीच्या खाली, तिला कंदाचा वास स्पष्ट येत होता. ती तिथे बसून रडली. या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

बाप आला. त्यानं दोन कंद काढून तिच्यापुढे ठेवले आणि नेहमीप्रमाणे काही बोलला नाही. पण बाप तरी किती दिवस काढून देणार?

शेवटी तिला काम मिळालं. गळा गेला की परीक्षक करायचं, अशी त्या जंगलात रीतच आहे. 'जंगलाचा गोड गळा'च्या मंचावर तिला उंच आसन दिलं आणि पुढ्यात सोललेल्या कंदांची पाटी ठेवली. परीक्षण चालू तोवर पाटी चालू.

पहिल्याच दिवशी मुसंडीबाई मंचावर आल्या. सोबत धाकटी होती. तिच्या अंगावर पाच पट्टे होते, अजून खरे. मंचावर यायच्या आधी ती कुठेतरी निसटली असावी, कारण पान फाटलं होतं आणि नाकाच्या शेंड्याला ओली माती लागली होती. ती मजेत होती. खालच्या आवाजात, पोटातून, आपल्याशीच काहीतरी गुरगुरत होती. तो आजीचा आवाज होता. ढेकळीनं तो लगेच ओळखला.

बगळेबुवा पेटीशी उभे होते. त्यांनी एक डोळा उघडला. "पट्टी कोणती?"

"पांढरी पाच," मुसंडीबाई म्हणाल्या.

सगळं जंगल परीक्षकांकडे बघू लागलं. ढेकळीचा आवाज फुसका होता, पण एवढं सांगायला पुरेसा होता. 'तिला खाली गाऊ द्या.' चार शब्द. किंवा नुसतं, 'तिला सोडा.' तिनं धाकटीच्या नाकावरची ती माती पाहिली. तिच्या स्वतःच्या नाकावरची जखम ठणकली. मग तिची नजर पाटीकडे गेली.

"वा," ढेकळी कुजबुजली. "पांढरी पाच. सुरू कर, बाळा. आणि आधी ते नाक पुसून घे."

तात्पर्य : मुलांना मातीत नाक घालू देऊ नये. नाक घट्ट झालेली मुले पुढे आपले पोट आपणच भरतात, आणि अशांसाठी कोणी 'वन्स मोअर' म्हणत नाही.