गळती विभागाचा सूर

धाकट्याच्या छातीत दम होता, ट्रंपेटच्या नळीत कुठे अडथळा नव्हता, ओठ जागच्या जागी होते. आणि तरी सदतीस दिवस त्या ओठांची आणि त्या वाद्याची गाठ पडली नव्हती. असं शत्रूच्या घरात घडतं तर त्याच्या आईने, जिला सगळे मोठी आई म्हणत, खिडकीत बसून मजा पाहिली असती. पण हे तिच्याच घरात, तिच्याच खुर्चीत, पाय वर घेऊन चाललं होतं.

"काय करतोयस?" तिने विचारलं.

"निवड," धाकटा फोनमधून डोकं न काढता म्हणाला.

निवड कशाची, ते घरात सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. पाणीपुरवठा खात्याचा स्वतःचा बँड होता. नवी टाकी सुरू झाली की तो वाजे, साहेब निवृत्त झाले की वाजे, आणि साहेब निवृत्त व्हायला कां-कूं करू लागले तर जरा आधीपासूनच वाजे. त्या बँडच्या पहिल्या ट्रंपेटच्या जागेवर मोठ्या आईचा नवरा सव्वीस वर्षं बसला. तो गेल्यावर ती जागा नऊ वर्षं 'भरतीची कार्यवाही सुरू आहे' या अवस्थेत रिकामी राहिली. धाकटा त्याच खात्यात रोजंदारीवर मीटर वाचत हिंडे. ही जागा मिळाली तर तो कायम होणार होता. त्याला नोकरी हवी होती. मोठ्या आईला नोकरीही हवी होती आणि नवऱ्याच्या जागी पोटचा पोर बसलेला पाहायचाही होता. त्याहून जास्त तिने आयुष्याकडे काही मागितलं नव्हतं, असं ती सांगे. सूनबाईचं मत वेगळं होतं, पण ते कोणी विचारत नसे.

भरतीची जाहिरात निघाली ती अशी: 'उमेदवाराने आपला सूर मोबाइल ॲपवर तपासून, सुई हिरव्या पट्ट्यात असल्याच्या छायाचित्रासह अर्ज सादर करावा. ॲपची निवड उमेदवाराने स्वतः करावी. निवड चुकल्यास जबाबदारी उमेदवाराची राहील. न चुकल्यास श्रेय खात्याचे राहील.'

हे वाचल्यापासून धाकट्याने वाजवणं सोडलं आणि निवडायला घेतलं. सूर तपासणारी अकरा ॲपं त्याने फोनमध्ये भरली. सूनबाईने चौकटीच्या वहीत तक्ता आखला. एक ॲप उघडताच विचारी, तुम्ही कुठे राहता? दुसऱ्याला घरातल्या सगळ्यांचे फोन नंबर हवे होते.

"त्याला मामाचा नंबर कशाला?" मोठी आई म्हणाली.

"परवानगी द्यावीच लागते, आई. त्याशिवाय ते ऐकत नाही."

"मामाचा नंबर घेतल्याशिवाय ऐकत नाही? आणि मामाशी बोलून झाल्यावर तरी ऐकेल का?"

तिसरं ॲप लांब सूर धरला की मध्येच गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात दाखवी. चौथ्याने स्वयंपाकघरातल्या कुकरची तिसरी शिट्टी ऐकून 'अप्रतिम! आपली प्रगती अशीच चालू ठेवा' असा संदेश पाठवला. त्या संध्याकाळपासून घरात कुकरकडे जरा आदराने पाहिलं जाऊ लागलं. पाचव्याला साडेचार तारे होते, सहाव्याला पावणेपाच. पण पाचव्याखाली नऊ हजार लोकांचे शेरे होते आणि सहाव्याखाली चारशेच. धाकटा नऊ हजार शेरे वाचायला बसला.

"लग्न ठरवताना एवढी चौकशी केली नव्हतीस रे," मोठी आई म्हणाली.

"तेव्हा शेरे वाचायची सोय नव्हती," सूनबाई तक्त्यात रेघ ओढत म्हणाली.

अडतिसाव्या दिवशी निवड जाहीर झाली. सहाव्याचे तारे जास्त होते म्हणून सहावं. धाकट्याने ॲप उघडलं. पहिल्याच पानावर ते काहीतरी विचारत होतं. पण अकरा ॲपांची पहिली पानं पाहून पाहून त्याचा अंगठा आता मालकाला न विचारता 'पुढे' दाबत असे. त्याने 'पुढे' दाबलं, वडिलांचाच ट्रंपेट उचलला, आणि त्यांनी शिकवलेला पहिला सूर भरघोस फुंकला.

सुई लाल पट्ट्यात जाऊन पडली. फोन म्हणाला, सूर एक पायरी खाली आहे.

त्याने पुन्हा फुंकला. एक पायरी खाली. नळी आत ढकलून फुंकला, उभं राहून फुंकला, खिडकी लावून फुंकला. दुसरी दहा ॲपंही विचारून पाहिली. प्रत्येकात तो अंगठा आधी 'पुढे' दाबून आलेलाच होता. अकराच्या अकरा म्हणाली, एक पायरी खाली.

"अकरा जण एकच सांगतायत, आई," धाकटा घाम पुसत म्हणाला. "वाद्यच चुकीचं आहे."

मोठी आई भाजी निवडत होती. तिने हातातली काडी बाजूला ठेवली. "ऐक. ट्रंपेटचा सूर एक पायरी खालीच निघतो. वाद्य घडवतानाच तसं घडवतात. बँडसाठी सुरांचे कागद लिहिणारा तो फरक धरूनच लिहितो, म्हणून सगळ्यांचं जुळतं. तुझ्या बापाने मला हे लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं. बोलायला दुसरा विषय नव्हता त्याला."

"याला आधार काय?"

"तुझा बाप."

"लेखी आधार, आई."

"तू समोर बसलायस ना जिवंत? मग बाप होता यालाही लेखी आधार माग एकदा."

पण आईचं वाक्य एक होतं आणि त्याला एकही तारा नव्हता. दुसऱ्या दिवशी धाकटा ट्रंपेट पिशवीत घालून खात्याच्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथला फिटर तीस वर्षं पाण्याचे पाइप कापत आला होता. त्याने वाद्य उलटंसुलटं करून पाहिलं.

"सूर वर चढवायचा म्हणजे नळी आखूड करायची. वीतभर जाईल," तो म्हणाला. "पण हा एकच सूर वर येईल बरं का. या तीन कळा दाबल्यावर जे निघतील ते कुठे जातील, त्याची हमी माझ्याकडे मागायची नाही."

"खात्याला एकच सूर तपासायचाय."

"असं आधी सांगावं," फिटर म्हणाला, आणि त्याने करवत घेतली.

संध्याकाळी सुई हिरवी झाली. छायाचित्र निघालं. धाकट्याने उरलेला पितळी तुकडा आईसमोर ठेवला. मोठ्या आईने तो उचलून पाहिला.

"बापाचं बोट कापून आणलंस," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिने त्याला स्वतःच्या हाताने वाढून घ्यायला लावलं.

चाचणीच्या दिवशी मात्र ती सर्वांत आधी खात्याच्या सभागृहात जाऊन बसली. राग आपल्या जागी, नोकरी आपल्या जागी. बँडमास्तरांचं पद चार वर्षं रिकामं होतं. अतिरिक्त कार्यभार गळती विभागाच्या उपअभियंत्यांकडे होता. ते भले गृहस्थ होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आपल्याला संगीतातलं काही कळत नाही, त्यामुळे निर्णय पूर्णपणे निष्पक्ष होईल.

सहा उमेदवार आले. घरची छायाचित्रं सगळ्यांचीच हिरवी होती, पण साहेबांनी सगळ्यांना स्वतःच्या एकाच फोनवर तपासलं, आणि ॲप उघडताना त्यांनीही 'पुढे' दाबलं होतं. पाच लाल निघाले. धाकटा हिरवा निघाला. साहेबांना आनंद झाला. आणि आनंदाच्या भरात त्यांना कर्तव्य आठवलं. नव्या माणसाची चाचणी होते, मग जुन्यांची का नको? त्यांनी बँडच्या बारा फुंकणाऱ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकासमोर फोन धरला. कुणी एक पायरी खाली, कुणी आणखी खाली. ज्याचं लाल नव्हतं त्याच्याकडे साहेबांनी पुन्हा फोन धरला, आणि घाबरून त्याचंही लाल आलं.

"तेरापैकी बारा चूक," साहेब गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे हे खातं चाळीस वर्षं बेसूर वाजवत होतं, आणि एकाही नागरिकाने तक्रार केली नाही. ही गळती आहे."

गळतीवर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. आठवड्यात आदेश निघाला: 'बँडमधील सर्व फुंकवाद्यांची नळी निवडलेल्या उमेदवाराच्या वाद्याप्रमाणे एक वीत कमी करण्यात यावी. सर्वांना समान न्याय द्यावा.' ट्रॉम्बोनवाल्याने अर्ज केला की माझी नळी मुळातच आतबाहेर सरकते, मी सरकवून घेतो, कापू नका. त्याला शिस्तभंगाची नोटीस मिळाली. ढोलवाल्याला नळीच नव्हती. तिच्या अभावाची कारणं सात दिवसांत कळवावीत, असं त्याला विचारण्यात आलं.

इकडे घरी एका दुपारी मोठी आई धाकट्याचा फोन हातात घेऊन बसली होती. दोन इयत्ता झाल्यावर शाळेने तिला आणि तिने शाळेला मोकळं केलं होतं, त्यामुळे ती अक्षरांच्या भानगडीत पडत नसे. चित्रं पाहून काम भागवी. ॲपच्या कोपऱ्यात एक इवलंसं चित्र होतं.

"हा ट्रंपेट कशाला काढलाय इथे?"

"तिथे 'वाद्य निवडा' असं लिहिलंय," सूनबाई वाकून म्हणाली. तिने चित्रावर बोट ठेवलं. वाद्यांची यादी उघडली. ती वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. "यांनी काहीच निवडलेलं नाही. हे निवडलं की फोनच ती एक पायरी धरून चालतो म्हणे."

"अकरा ॲपं निवडली," मोठी आई म्हणाली, "आणि कुणी विचारलं की बाबा वाजवतोस काय, तर 'पुढे'!"

तिने चपला घातल्या आणि फोन घेऊन तडक कचेरी गाठली. साहेबांच्या खोलीत बारा वाद्यं करवतीची वाट पाहत टेबलाखाली पडली होती. तिने दारात उभ्या असलेल्या, बँडच्या दुसऱ्या ट्रंपेटवाल्याला हाताला धरून आत आणलं, त्याला त्याचं न कापलेलं वाद्य दिलं, कोपऱ्यातल्या चित्रावर बोट दाबून ट्रंपेट निवडला आणि म्हणाली, "फुंक."

सुई हिरव्या पट्ट्याच्या मधोमध उभी राहिली.

साहेबांनी चष्मा पुसला. ते मूर्ख नव्हते. खात्यात होते एवढंच. त्यांनी दुसऱ्या ट्रंपेटवाल्याला बाहेर पाठवलं, दार लावलं, आणि आवाज मऊ केला.

"बसा ना. तुमचं म्हणणं बरोबर आहे असं धरू. न कापलेली वाद्यं बरोबर."

"धरायला कशाला हवं? डोळ्यांनी पाहिलंत."

"मग कापलेलं चूक."

"अर्थात चूक!"

"मग ज्याचं कापलेलं आहे, त्याची निवड चूक. जाहिरातीप्रमाणे जबाबदारी त्याची." साहेबांनी एक फाइल पुढे ओढली. "मी आत्ता लिहितो. बारा वाद्यं वाचतील, आणि तुमचा मुलगा उद्यापासून मीटर वाचायला लागेल. की नको लिहू? तुम्ही सांगाल तसं. तुम्ही वडीलधाऱ्या."

ज्या बाईने सासरच्या सात माणसांना, दोन घरमालकांना आणि एका न्यायाधीशाला तोंडावर गप्प केलं होतं, तिने टेबलाखालच्या वाद्यांकडे पाहिलं. मग फोन पदराने पुसला.

"माझी नजर हल्ली बरोबर नाही," ती म्हणाली. "सुई लालच असेल."

"तसंच असेल," साहेब म्हणाले, आणि त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

तिने तो प्यायला.

पंधरा दिवसांनी नव्या टाकीचं उद्घाटन झालं. टाकीच्या अंगावर मोठा पडदा लावला होता आणि त्यावर ॲपची सुई नागरिकांच्या माहितीसाठी थेट दाखवण्यात येणार होती. तेरा आखूड वाद्यं उन्हात चमकत होती. पहिला सूर निघाला तो प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी बरोबर धरला. मग कळा दाबल्या गेल्या, आणि पुढचे सूर फिटर म्हणाला होता तसे जिकडे वाट फुटेल तिकडे गेले. पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल तेवढं मोठ्याने रडलं. त्याला आईने बाहेर नेलं. साहेबांनी आधीच सूचना दिली होती त्याप्रमाणे सुई पहिल्याच सुरावर थांबवून ठेवलेली होती. ती शेवटपर्यंत हिरवी राहिली.

लोकांनी पडद्याकडे पाहिलं. ज्यांनी कानात बोटं घातली होती, त्यांनी टाळ्या वाजवण्यासाठी ती बाहेर काढली. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत, कारण आधी कोण थांबतं ते प्रत्येक जण बघत होता.

धाकटा नव्या गणवेशात, लालबुंद चेहऱ्याने आईपाशी आला. "कसं झालं, आई? पूर्ण वेळ हिरवं होतं. बघितलंस ना? सगळं पटांगण टाळ्या वाजवत होतं!"

मोठ्या आईने त्याच्या गणवेशाचं वरचं बटण नीट लावलं.

"शेवाळही हिरवंच असतं," ती म्हणाली. "बेसूर वाजवलंस, बाळा. तुला कळलं नाही, कारण तू फोनकडे बघत होतास. म्हणून तू नुसता मूर्ख. पण या पटांगणात बाकी सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या मुलाची नोकरी होती म्हणून वाजवल्या. त्यांचं कोण होतं त्या बँडमध्ये, ते जा, एकेकाला विचारून ये."