चाकूची मूठ घसरते

अंबरीश सरांनी जेवणाच्या टेबलावर पंधरा अभिप्राय पसरून ठेवले होते आणि त्यांची बायको मुग्धा वरणाचं पातेलं हातात धरून जागा मोकळी व्हायची वाट बघत उभी होती.

"धारेला पाचपैकी पाच," सर म्हणाले. "पात्याला पाच. म्यानाला पाच. फक्त मूठ. पंधरापैकी तेरा जण लिहून राहिले, मूठ घसरते."

"वरण गार होऊन राहिलं," मुग्धा म्हणाली.

सर नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात यंत्ररचना शिकवत. त्यामुळे कुठलीही वस्तू त्यांच्या हातात पडली की ती अजून चांगली कशी करता येईल, या विचारानं त्यांचा डोळा लागत नसे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी रानात मुक्कामाला जाणाऱ्या लोकांसाठी एक चाकू बेतला होता. त्यानं चुलीपुरतं लाकूड फाडता यावं, तंबूच्या खुंट्यांना टोक काढता यावं, दोरी कापता यावी आणि वेळ पडली तर कांदाही चिरता यावा. पातं ठोकायला मुदखेडचे दगडोबा लोहार होते. त्यांच्या घरात तीन पिढ्या कोयते आणि विळे झाले होते. मूठ बाभळीच्या लाकडाची होती. कुरियरमध्ये लाकूड मळू नये म्हणून सर मुठीवर पारदर्शक प्लास्टिक चढवत आणि मुग्धाच्या केस वाळवायच्या यंत्रानं ते ऊन करून घट्ट बसवत. असं केलं की चाकू थेट कंपनीचा दिसे, आणि सरांना त्याचा फार अभिमान होता.

लातूरचे आनंदराज दर हिवाळ्यात कॉलेजच्या पोरापोरींना किनवटच्या जंगलात शिबिराला नेत. त्यांना दीडशे चाकू हवे होते. "पण आधी पंधरा माणसांना वापरायला द्या," त्यांनी बजावलं होतं. "त्यांचं म्हणणं ऐकून चाकू सुधारा, मगच माझ्याकडं या. घसरणारी मूठ मी पोरांच्या हातात देणार नाही." एवढी एक ऑर्डर मिळाली की सरांचा चाकू खरा चाकू ठरणार होता. नाही मिळाली, तर तो सरांचा छंद म्हणून राहणार होता, आणि सासुरवाडीत त्याला छंद म्हणायला सुरुवात झालीच होती.

म्हणून सरांनी बावीस प्रश्नांचा फॉर्म छापला आणि पंधरा ओळखीच्यांना चाकूसोबत पाठवून दिला. शिरूर अनंतपाळचे शेतकरी रामलिंग यांनी बाविसाव्या प्रश्नाखाली, म्हणजे 'इतर सूचना' या जागी, लिहिलं होतं, 'मूठ घसरती. बाकी घरी सगळे बरे आहेत ना.'

दुसऱ्या दिवशी सर मुदखेडला गेले. दगडोबांनी तो कागद लांब धरून वाचला आणि परत दिला.

"सर, बाभळीची मूठ घसरत नसती."

"तेरा जण सांगून राहिलेत, दगडोबा."

"तेरा जण कोन? मला त्येंचे हात दाखवा. आमच्याकडं गिऱ्हाईक येतं, हत्यार हातात धरतं, म्होरच्या ओंडक्यावर दोन घाव घालतं. मी त्याचा हात बघतो आन् मूठ तासतो. कागदावर मला हात दिसत न्हाई."

पण ग्राहकाचं ऐकायचं, असं सर वर्गात शिकवत आले होते. त्यांनी मुठीला बोटांसाठी खाचा पाडून घेतल्या. पंधरा नव्या मुठींवर प्लास्टिक चढलं आणि पंधरा खोकी रवाना झाली. अभिप्राय आले, मूठ घसरते. तिसऱ्या खेपेला सरांनी मुठीवर सुतळी गुंडाळली आणि सुतळी सुटू नये म्हणून प्लास्टिक जरा जास्तच ऊन केलं. रामलिंगनी लिहिलं, 'आता जास्त घसरती, पण दिसायला लई छान.'

चौथ्या खेपेला सरांनी मूठ जाड केली आणि शेवटाला एक फुगीर बोंडही काढून घेतलं. दगडोबांनी ती मूठ तयार करून दिली आणि चाकू हातात तोलून पाहिला.

"सर, ह्याला चाकू म्हनायचं का मुसळ?"

"हे शेवटचं."

"शेवटचंच. ह्याच्याफुडं एक बी बदल मी करनार न्हाई. तसंच वाटलं तर दुसरा लोहार बघा. माझ्या मुठीला घसरती म्हनून ऐकायची सवय न्हाई मला."

चौथे अभिप्राय आले. रामलिंगनी मुठीला पाचपैकी एक गुण दिला होता, आणि तोही सरांकडे बघून, असं खाली लिहिलं होतं. तिकडून आनंदराजांचा फोन आला की येत्या मंगळवारी ते किनवटला जाताना नांदेडला थांबतील आणि चाकूचा निकाल लावतील. रविवारी सकाळीच त्यांनी गाडी काढली आणि मुदखेडहून दगडोबांना बरोबर घेतलं. दगडोबा रुसलेले होते, पण रामलिंग यांचा हात बघायची त्यांनाही उत्सुकता होती. वाटेत ते फक्त एकदा बोलले, ते चहा कुठं घ्यायचा याबद्दल.

रामलिंग आणि त्यांच्या घरच्या तारामती यांनी दोघांचं फार प्रेमानं स्वागत केलं. चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली, चहा झाला. मग दगडोबा म्हणाले, "हात दाखवा जरा."

रामलिंगनी मुकाट्यानं दोन्ही हात पुढं केले. दगडोबांनी ते उलटे करून पाहिले, अंगठा दाबून पाहिला. "हात तर चांगला हाय. चाकू आना."

तारामती आत गेल्या. कपाटाची किल्ली वाजली. साड्यांच्या खालून एक टॉवेल निघाला, टॉवेलातून वर्तमानपत्र निघालं आणि वर्तमानपत्रातून चारही चाकू निघाले. चारही मुठींवर प्लास्टिक जसंच्या तसं होतं. खिडकीतून आलेल्या उन्हात ते छान चमकत होतं.

सरांनी एकेक चाकू उलटसुलट करून पाहिला. "तुम्ही हे वापरले नाहीत?"

"वापरले की," रामलिंग दुखावून म्हणाले. "फारम खोटा भरीन का मी? प्रत्येकानं दोन-दोन दिवस बांधावरची बाभळ छाटली. घाम आला की निसटतंच हातातून. एकदा तर शेजारच्याच्या म्हशीपाशी जाऊन पडला."

"मग हे प्लास्टिक?"

"त्याचं काय?"

"काढलं नाही?"

"कामून काढावं?" रामलिंग चकित झाले. "नवी वस्तू हाय. खराब हुईल की."

"आमच्या फ्रीजचं बी अजून काढलं न्हाई," तारामती म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. कालच आनल्यासारखा हाय."

दगडोबा भिंतीला टेकले आणि हसू लागले. हसता हसता ते खाली बसले, आणि बसल्यावरही त्यांचं हसणं थांबेना. सरांनी पहिल्या नमुन्याच्या मुठीवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं, तेव्हा रामलिंगच्या तोंडून कळ निघाल्यासारखा आवाज आला. अंगणात रामलिंगनी त्याच चाकूनं एक ओंडका फाडला, हात पाण्यात बुडवून पुन्हा फाडला. मूठ जागची हलली नाही.

"आता कसं?" सरांनी विचारलं.

"एक नंबर," रामलिंग म्हणाले आणि उघड्या मुठीकडं हळहळून बघत राहिले. "पर ह्यो आता जुना झाला. दुसरा देतेल का?"

परतताना सरांनी बाकीच्या चौदा जणांना फोन लावले. बारा जणांच्या मुठींवर प्लास्टिक होतं. उरलेल्या दोघांनी खोकीच उघडली नव्हती. हत्यार आहे, दसऱ्याला पूजा करून मगच हात लावू, असं त्यांनी ठरवलं होतं. फॉर्म मात्र त्यांनी चारही वेळा वेळेवर भरले होते, आणि त्यातल्या एकानं मुठीला पाचपैकी चार गुण दिले होते.

"तो एक गुण कशाला कापला?" सरांनी विचारलं.

"सर, पैकीच्या पैकी दिले की लोकांना शंका येते," पलीकडून उत्तर आलं.

मंगळवारी दुपारी आनंदराज आले. उंच, उन्हानं रापलेला माणूस. सरांनी त्यांच्यापुढं पहिला नमुना ठेवला, प्लास्टिक काढून. मग चारही खेपांची हकिगत सांगितली, आणि लोक नवी वस्तू कशी कवटाळून बसतात, वस्तू ही वापरण्यासाठी असते हे आपल्याकडं कुणाला कसं कळत नाही, यावर दहा मिनिटं मनापासून बोलले. आनंदराजांनी सगळं ऐकून घेतलं.

"पटलं," ते म्हणाले. "मग आता कागद नको आणि नवा चाकूही नको. तुम्ही स्वतः रोज वापरता तो दाखवा. सहा महिने वापरलेली मूठ मला बघायची आहे."

सर उठले. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, आदर्श शिक्षकाच्या मानचिन्हाशेजारी, त्यांचा पहिला चाकू उभा होता. त्याच्याही मुठीवर प्लास्टिक होतं. आजवर त्यांनी त्यावरची धूळ पुसली होती, पाहुण्यांना तो दाखवला होता, त्याचे फोटो काढले होते. त्यानं कधी काही कापल्याचं मात्र त्यांना आठवेना. त्यांनी तो आणून आनंदराजांच्या हातात दिला.

"हा वापरता?"

"जपून वापरतो," सर म्हणाले.

आनंदराजांनी प्लास्टिकवरून अंगठा फिरवला आणि चाकू हलकेच टेबलावर ठेवला. ते आता घड्याळाकडं बघणार, हे सरांना दिसलं, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून खाडकन आवाज आला, पाठोपाठ दुसरा आला.

"काय चाललंय?" आनंदराजांनी विचारलं.

"भोपळा फोडून राहिले," मुग्धा आतून म्हणाली.

आनंदराज उठून थेट स्वयंपाकघराच्या दारात गेले, आणि सर त्यांच्या मागोमाग. ओट्यावर भलामोठा लाल भोपळा होता आणि मुग्धाच्या हातात पहिल्या खेपेचा चाकू होता. मूठ हातात खेळून काळसर झाली होती. पात्यावर नारळाचे, सुरणाचे आणि कुंडीतल्या मातीचे डाग होते. आनंदराजांनी तो मागून घेतला, हात नळाखाली ओला केला आणि भोपळ्याची एक फोड स्वतः केली. मग दुसरीही केली.

"हा कुठून आणलास?" सरांनी विचारलं.

"तुम्ही बाल्कनीतल्या खोक्यात टाकला होता. पहिल्या दिवशी हात घसरला, तेव्हा प्लास्टिक काढून फेकलं. तेव्हापासून काही त्रास नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही मला फॉर्म कुठं दिला?"



"वहिनी, काही सुधारणा?" आनंदराजांनी विचारलं.

"एकच. मुठीच्या शेवटाला भोक पाहिजे. खिळ्याला अडकवता येत नाही, सारखा भांड्यांखाली जातो."

"आम्हालाही तेच लागतं, दोरी ओवायला," आनंदराज म्हणाले. "दीडशे करा. हीच मूठ, आणि वहिनी म्हणतात ते भोक. हा नमुना मी घेऊन जाऊ?"

"तो नाही मिळायचा," मुग्धा म्हणाली. "अर्धा भोपळा राहिलाय."

आनंदराज काचेच्या कपाटातला चाकू घेऊन गेले. जाताना जिन्यातच त्यांनी प्लास्टिक सोलून काढलं, आणि सरांनी तिकडं बघायचं टाळलं. मग त्यांनी मुदखेडला फोन लावला.

"दगडोबा, ऑर्डर मिळाली. तुमची पहिलीच मूठ. फक्त एक बदल आहे."

पलीकडं दगडोबांनी भट्टीचा पंखा बंद केला.

"कुनी सांगितला?"

"मुग्धानं. मुठीला भोक पाहिजे म्हणते."

"वापरून सांगितला का?"

"सहा महिने वापरून."

"मग करावं लागंल," दगडोबा म्हणाले. "केवढं पाडायचं ते तुम्ही नका सांगू. वैनीला फोन द्या."

सरांनी फोन मुग्धाच्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि उरलेला भोपळा चिरायला घेतला.