बिनगावाचा गडी

संताप हा माझा स्वभाव नाही. संताप मला लोक आणून देतात, मी तो फक्त घेतो. (आमच्या चारकोपच्या सोसायटीत हे मान्य असणारा मी एकटाच आहे, ते सोडा.)

झालं असं, की माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. डावाही त्याच वाटेवर आहे, पण उजवा आधी पोचला. डॉक्टर म्हणाले, "परब, वीस मिनिटांचं काम. सकाळी या, दुपारी घरी." मी सकाळी गेलो. काउंटरवरच्या माणसानं माझं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यानं परत विचारलं, मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सुबोध परब हे नाव अशा आवाजात सांगितलं, की बाहेर उभे असलेले दोन रिक्षावाले आत येऊन बघून गेले. त्यानंतर लगेच माझं बीपी घेतलं. (ही काय वेळ झाली बीपी घ्यायची?) एकशे चौऱ्याऐंशी.

"असल्या बीपीवर मी डोळ्याला हात लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. "एकशे साठच्या खाली आणा. गोळी तुमचं बीपी खाली ओढतेय आणि तुम्ही ते वर ओढताय. मन रमेल असा एखादा शांत खेळ खेळा."

घरी माझ्या मुलीनं, प्रांजलनं, खेळांची यादी काढली. बुद्धिबळ बाद, कारण मेहुण्याशी खेळताना मी उंट खिडकीबाहेर फेकला होता. कॅरम बाद, कारण स्ट्रायकर. (तपशील सोसायटीच्या दप्तरी आहे.) शेवटी तिनं माझ्या मोबाईलवर बॅकगॅमन नावाचं काहीतरी टाकून दिलं.

"बाबा, हे कॉम्प्युटरशी खेळ. त्याच्याशी भांडताच येत नाही."

मी "बरं" म्हणालो. तेवढंच म्हणालो. आयुष्यात "बरं" म्हणून माझं कधीही बरं झालेलं नाही, पण त्या वेळी ते आठवलं नाही.

खेळ तसा आपल्या सारीपाटाच्या जातीतला. दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे, चोवीस घरं. आपल्या सोंगट्या फिरवून आणायच्या आणि एकेक करून पटाबाहेर काढायच्या. वाटेत सोंगटी एकटी सापडली की समोरचा तिला मारतो, मग ती मधल्या पट्टीवर जाऊन बसते आणि पुन्हा पहिल्यापासून प्रवास. आमच्या गावी आजोबा सारीपाट खेळायचे, तेव्हा खेळ माझ्या रक्तात आहे अशी माझी समजूत होती. पहिले सात डाव मी हरलो. शिकाऊ आहोत, चालायचंच, असं मी अतिशय शांतपणे म्हणालो. (वनमालाला विचारा. ती माझी बायको. ती खोटं बोलत नाही, हा तिचा एकमेव दोष.)

आठव्या डावात मला चोरी कळली.

कॉम्प्युटरच्या फाशावर सहा पडले. स्पष्ट सहा. म्हणजे मला जितकं स्पष्ट दिसतं तितकं. आणि हा गडी पाचच घरं चालला आणि नेमका माझ्या एकट्या सोंगटीच्या डोक्यावर येऊन बसला! मी ओरडलो. मग मला सहा पडले. मी सोंगटी उचलून सहाव्या घरात ठेवली, तर मोबाईलनं ती उचलून परत जागेवर ठेवली. मी पुन्हा ठेवली. त्यानं पुन्हा मागे आणली. माझी सोंगटी, माझं दान, आणि मला ठेवू देत नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावर मूठ आपटली, त्यासरशी कुळथाच्या पिठीचा वाडगा उडाला आणि सगळी पिठी माझ्या मांडीवर आली. गरम होती.

"चोर आहे हा! सहा पडले तर पाच चालतो!"

"अहो, तो ऐकतोय का तुमचं?" वनमाला फडकं घेऊन आली. "आणि त्याला काय पडलंय तुम्हाला फसवायचं? नाचता येईना अंगण वाकडं."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस!"

"मी पिठीची बाजू घेतेय. अर्धा तास ढवळत होते."

मी सरळमार्गी माणूस आहे. तीस वर्षं एका विमा कचेरीत हेडक्लार्क आहे. अन्याय झाला की आम्ही अर्ज करतो. मी त्या खेळाच्या कंपनीला मोबाईलवरून पत्र लिहिलं. 'विषय: फासे टाकण्यातील गैरप्रकाराबाबत.' त्यात मुद्देसूद सात तक्रारी लिहिल्या आणि आठ दिवसांत लेखी खुलासा मागवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. आमचा खेळ आवडल्याबद्दल आभार, आम्हाला पाच तारे द्या! मी तारे दिले नाहीत. जे काही दिलं ते मालवणीत होतं.

आता कोणी म्हणेल, खेळणं बंद करायचं. का म्हणून? चोरानं चोरी करायची आणि मी घर सोडून जायचं? मी रोज खेळू लागलो. ऑफिसला जाण्याआधी, आल्यावर, जेवताना. रोज हरत होतो, रोज पुराव्यानिशी हरत होतो. ऑपरेशनची दुसरी तारीख आली त्या सकाळी रिक्षातही एक डाव लावला. सिग्नलला मी जिंकत आलो होतो. हॉस्पिटलच्या दारात त्याला दोन्ही फाशांवर सहा-सहा पडले.

बीपी एकशे शहाण्णव.

या वेळी डॉक्टर गंभीर झाले. "मोती फार पिकलाय परब. आणखी लांबवलंत तर काढताना गुंतागुंत होईल, मग नजरेची हमी मी देणार नाही. पुढचा मंगळवार. त्या दिवशी तुम्हाला शांत यावंच लागेल."

परतताना वनमाला गप्प होती. ती बोलते तेव्हा मला राग येतो आणि गप्प बसते तेव्हा भीती वाटते. बिल्डिंगच्या गेटाशी रिक्षा थांबल्यावर ती म्हणाली, "खरंच डोळा गेला तर हो? भांडायला तरी समोरचा माणूस दिसायला हवा ना तुम्हाला." तिचे डोळे भरले होते. मला उजव्यानं दिसलं नाही, डाव्यानं अंधुक दिसलं, पण कळलं. आणि मला भयंकर राग आला. पहिल्यांदाच कोणाचा ते सांगता येईना, म्हणून तो मी कॉम्प्युटरच्या नावावर टाकला. त्या हरामखोराला एकदा हरवल्याशिवाय माझं बीपी खाली येणार नव्हतं, हे मला ठाम पटलं होतं.

सोमवारी संध्याकाळी मी शेजारच्या अण्णा तावड्यांकडे गेलो. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गिरणीतले जुने कामगार. बिल्डिंगमधली सगळी गाऱ्हाणी तेच घालतात. कोणाची नवी गाडी असो, कोणाचा दहावीचा निकाल, अण्णा देवापुढे नारळ ठेवतात, खड्या आवाजात त्या माणसाचं म्हणणं देवाला सांगतात, आणि जमलेली मंडळी दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा देतात. आमच्या कोकणात कोर्टाच्या आधी हेच असतं, आणि निकाल लवकर लागतो.

"माका एक माणूस भारी त्रास देता, अण्णा," मी म्हणालो.

"नाव काय तेचा?"

"कॉम्प्युटर."

"आणि गाव?"

"गाव नाही त्याला."

अण्णांनी चष्मा काढला. "बिनगावाचो? अरे सुबोध, मगे देव जातलो खंय? देवाक पत्तो नको?"

"तो माझ्या मोबाईलातच असतो अण्णा."

"असा सांग ना मगे! मोबाईलच ठेव नारळाच्या बाजूक. म्हणजे देवाक हुडकूचा पडूचा नाय."

मी घरी आलो. नवा डाव लावला, म्हणजे देवाला आरोपी रंगेहाथ सापडेल. पाच-सहा चालींत माझ्या दोन सोंगट्या मार खाऊन पट्टीवर बसल्या. तसाच चालू डावातला मोबाईल देव्हाऱ्यासमोर नारळाशेजारी ठेवला. तोवर अण्णांच्या मागोमाग मजल्यावरची पंधरा-वीस माणसं आत आली होती. प्रांजल ऑफिसमधून नुकतीच आली होती, ती दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली.

अण्णांनी सुरुवात केली. अण्णा थेट मुद्द्यावर कधी येत नाहीत. आधी गावचा रवळनाथ, मग वेशीवरचे, मग पाणवठ्यावरचे, मग आमच्या कुळातले पूर्वज, मग चारकोपच्या जागेवरचे जे कोणी असतील ते. दहा मिनिटं नुसती हजेरी चालली. मग म्हणाले:

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो लेकरू सुबोध परब, ह्या चारकोपाच्या जाग्यार श्रीफळ ठेवून उभो रवलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण एक बिनगावाचो गडी फाश्यात लबाडी करून तेका छळता, तेचे फासे उलटे पाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणालो.

"आणि उद्या तेच्या डोळ्याचा काम आसा, ता निभावून ने, आणि ह्येच्या नाकार जो राग बसलेलो आसा, तो खाली उतरव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी स्वयंपाकघराच्या दारातून जो आवाज आला तो इतका मोठा होता की सगळे वळून बघू लागले. वनमाला पदर सावरत आत गेली.

गाऱ्हाणं संपलं. मी मोबाईल उचलला. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडत होते आणि मोठ्या, अगदी मलासुद्धा दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की तुम्ही जिंकलात. खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं. विजयी माणूस बारीक अक्षरं वाचत नाही.

"जिंकलो!" मी ओरडलो. अण्णांनी देवाला हात जोडले, शेजाऱ्यांनी अण्णांना. नारळ फुटला. मी कोपऱ्यावरून दोन किलो पेढे आणून तिन्ही विंगमध्ये वाटले. ज्या सेक्रेटरीशी स्ट्रायकरच्या प्रकरणापासून बोलत नव्हतो, त्यालाही दिला. (छोटा दिला, पण दिला.) प्रांजल दोनदा "बाबा, ऐक ना" म्हणाली, पण ऐकायला मला वेळ नव्हता.

मंगळवारी बीपी एकशे अडतीस. डॉक्टरांनी दोनदा मोजलं, मग मशीन बदलून मोजलं. वीस मिनिटांत काम झालं.

आठवड्यानं मी खुर्चीत बसलो आणि उजव्या डोळ्यानं जग बघू लागलो. सगळं लख्ख. भिंतीचा रंग पिवळा नसून पांढरा होता. वनमालाच्या कपाळावर आठ्या होत्या, त्या कधी आल्या कोण जाणे. मी मोठ्या ऐटीत मोबाईल उघडला, म्हटलं आता चोराची बारीकसारीक हालचालही टिपू. त्याला फासा पडला. मी बघितलं आणि पाच पाहिले. तो पाच चालला. मला चार पडले, मी चार चाललो, आणि सोंगटी निमूटपणे जिथे ठेवली तिथे राहिली. अर्धा तास मी एकेक टिंब मोजत होतो. एकदाही लबाडी नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की एवढे दिवस मला पाचाच्या ठिकाणी सहा दिसत होते. चोर फाशात नव्हताच, माझ्या डोळ्यात होता.

तेही मी पचवलं असतं. पण मग मी जुन्या डावांची यादी उघडली. एकूण डाव दोनशे अकरा. जिंकलेले, एक. आणि त्या एकासमोर, बारीक अक्षरांत: 'खेळाडू जागेवर नसल्यामुळे त्याच्या बाजूनं संगणक खेळला.'

"प्रांजल! हे काय आहे?"

"तेच सांगत होते मी त्या दिवशी," ती म्हणाली. "तू बराच वेळ चाल केली नाहीस तर तो तुझ्या वतीनं खेळतो. गाऱ्हाणं चालू होतं तेव्हा तो एकटाच दोन्हीकडून खेळत होता."

"म्हणजे मी जिंकलो तो..."

"तू तिथे नव्हतास म्हणून, बाबा."

वनमाला भाजी निवडत होती. ती आधी गालात हसली, मग शेंग हातात धरून हसली, मग भाजीचं ताट बाजूला ठेवून हसली. "बघा," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही बाजूला झालात की सगळं कसं नीट होतं."

मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. मोबाईलशीही नाही. राग आत राहिला आणि आत राहिलेला राग कुठे जातो ते बीपीच्या मशीनला बरोबर कळतं.

महिन्यानं डाव्या डोळ्याची तारीख आली. आम्ही दोघं हॉस्पिटलात बसलो. काउंटरवर तोच माणूस. त्यानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं परत विचारलं. मी खुर्चीवरून उठतोय, श्वास छातीत भरतोय, तेवढ्यात नर्स बीपीचं मशीन घेऊन आली आणि वनमालानं मला हाताला धरून मागे बसवलं.

"तुम्ही बाहेर जाऊन चहा घेऊन या," ती म्हणाली, आणि बांगड्या मागे सारून स्वतःचा दंड नर्सपुढे केला. "यांच्या बाजूनं आज मी खेळते."

मी चहाला गेलो नाही. नर्सला हसू आलं. गंमत म्हणून तिनं पट्टा बांधला, फुगा दाबला, आकड्याकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. तिनं पुन्हा मोजलं. मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही मोजलं. एकशे ब्याण्णव. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिचं बीपी कोणी मोजलंच नव्हतं, मीही नाही.

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "वहिनी, हे कधीपासून आहे? घरात कसला ताण वगैरे?"

 पट्टा बांधलेला हात तसाच ठेवून वनमालानं दुसऱ्या हातानं फक्त माझ्याकडे बोट केलं.