दाजींच्या भिंतीवरची माणसं

हे मी घरात कधी कुणाला सांगितलेलं नाही. चतुर्थीला रजा मिळत नाही, असं मुंबईहून मी आईला फोनवर कळवायचो, तेव्हा रजा मंजूर झालेली असायची. गावी जायचा कंटाळा, एवढंच कारण. आई विश्वास ठेवायची. आणि मालवणजवळच्या आमच्या घरात मी तरीही असायचो, दाजी पेंटरमुळे.

दाजी गणपतीमागची भिंत रंगवायचे. आमच्याकडे ती दरवर्षी चुन्याने पांढरी करून नव्याने रंगवतात. म्हणजे आधीच्या वर्षीचं सगळं काम पुसलं जायचं. दाजींना त्याचं काही नसे. चहा संपवून ते उंबऱ्यातूनच मोठ्याने विचारायचे, "औंदा कोण येवचो नाय?"

ऐन सणात हा प्रश्न! शेजारची काकी खेकसायची, "शुभ बोल मेल्या!"

"अगो, येवचो नाय त्येकाच हाडूक इलंय मी!"

आणि जो येणार नसेल त्याला ते भिंतीवर आणायचे. तरुणपणी त्यांचे विषय भारदस्त होते: समुद्रमंथन, कैलास, लंकादहन. न येणारा घरटी एखादाच. देवांच्या गर्दीत खपून जायचा. बोटीवर नोकरीला असलेला आमचा चुलता वासुकीची शेपूट धरून उभा. भांडून माहेरी बसलेली कुणाची सून शबरीच्या बोरांपाशी, गाल फुगवून. पुढे न येणारे वाढत गेले तसे देव लहान होत कोपऱ्यात सरकले. शेवटी शेवटी दाजी नुसता एसटीचा थांबा काढायचे, आणि उतरणारी माणसं. गणपतीमागे एसटी कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "देवाक जागा कमी लागता. माणसांक बॅगा आसतत."

मी त्या घोळक्यात चष्म्यासकट असायचो. आरती झाली की आई त्या चित्रासमोर मोदक धरते, असं वहिनीने फोनवर हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

आई गेली. वर्षश्राद्धानंतरच्या चतुर्थीला मी आलो, तो कुडाळहून छापील फ्लेक्स घेऊनच: धबधबा आणि दोन मोर. वेळ वाचेल, असं भावाला म्हणालो. खरं तर दाजींचा तो प्रश्न मला ऐकायचा नव्हता.

यंदा भिंत रंगवायची नाही, हे दाजींना कुणी कळवलंच नव्हतं. ते आले, फ्लेक्ससमोर उभे राहिले.

"मोर गुबगुबीत आसत," म्हणाले. मग पिशवीतून रंगाची करवंटी काढली. "झिला, तुझ्या आयेच्या लुगड्याचो जांभळो. कालच घोटलंय. आता खंय लावू?"

"पुढच्या वर्षी बघू, दाजी."

"बघूया," म्हणत त्यांनी करवंटीवर केळीचं पान बांधलं आणि पायऱ्या उतरले.

ते गेल्यावर भाऊ म्हणाला, "चित्रातल्या थांब्यावर बॅगा घ्यायला खांद्यावर पंचा टाकलेला एक माणूस असायचा ना, ते दाजीच. त्यांच्या घरी उतरणारं कोणी नाही."

मी ती भिंत इतकी वर्षं पाहिलीच नव्हती, तर तो माणूस कुठून दिसणार.

पुढचं वर्ष येऊन गेलं. त्याच्या पुढचंही. दाजी आहेत अजून. हात थोडा थरथरतो म्हणतात. फ्लेक्स मी काढलेला नाही. दाजींना मी एक कोरी भिंत देणं लागतो.