शिऱ्यातले बेदाणे

सत्यनारायणाच्या प्रसादातून बेदाणे वेचणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? माझ्या शेजारीच राहतो. नोएडातल्या आमच्या सोसायटीत, समोरच्या दारावर पाटी आहे, कारखानीस. मराठी मंडळींत कुणाकडेही पूजा असली की कारखानीस काका शिऱ्याची वाटी घेऊन कोपऱ्यातली खुर्ची धरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि चमच्याच्या टोकानं एकेक बेदाणा बाजूला काढतात. टाकत मात्र नाहीत, प्रसाद आहे ना. सगळे जमले की एकदम तोंडात घालतात आणि गोळी घ्यावी तसे पाण्याबरोबर गिळतात. मग शेजाऱ्याच्या वाटीत डोकावून म्हणतात, "तुम्हाला नको असतील तर द्या इकडे." आणि या गृहस्थांना डायबेटिस आहे.

"काका, आवडत नाहीत तर खाता कशाला?" मी एकदा विचारलंच.

"आवडत नाहीत असं कोण म्हणालं, यार?"

सत्तरी उलटलेला माणूस मला यार म्हणतो. उभा जन्म दिल्लीत सरकारी नोकरीत गेलेला. घरात मराठी, लिफ्टमध्ये हिंदी आणि माझ्या वाट्याला दोन्हीची खिचडी.

काकांचं दुसरं खूळ कुत्र्यांचं. सकाळी फळांच्या फोडींचा डबा घेऊन ते पार्कात हजर असतात. स्वतःकडे कुत्रा नाही, पण दुसऱ्याचा कुत्रा दिसला की मालकाला अडवलंच म्हणून समजा. माझी ढमी, जातीची बीगल आणि वृत्तीची खादाड, त्यांची लाडकी. "सफरचंद दिलंस? बिया काढल्या का? आंबा दिलास तर कोय लांब फेक, घशात अडकते. कलिंगडाची साल नको. आणि दोन फोडी बस, जेवण नाही ते, खाऊ आहे." हे सगळं रोज. 'बिया काढल्या का' तर त्यांच्या तोंडात इतकं बसलंय की वरच्या मजल्यावरच्या भल्लाजींनी मुलीचं लग्न ठरल्याची बातमी दिली, तेव्हाही काका आनंदानं म्हणाले, "अच्छा, अच्छा! बीज निकाल लिए?" भल्लाजींनी अजून मला त्याचा अर्थ विचारायचं सोडलेलं नाही.

या पाठात एक गंमत होती. काका एकटे असले की सुरुवात ठरलेली: "द्राक्ष नाही. बेदाणा नाही. एकसुद्धा नाही. कुत्र्याला विष आहे ते." बरोबर सुमनकाकू असल्या की मात्र सफरचंदापासून सुरुवात आणि द्राक्षाचं नावही नाही. मी एकदा काकूंसमोर म्हटलं, "काका, ते द्राक्षांचं राहिलं." तर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ढमीला घेऊन निमूट पुढे गेले. म्हातारा विसरायला लागलाय, असं मी घरी येऊन सांगितलंसुद्धा.

काका-काकूंना मूलबाळ नाही. मी इथं यायच्या आधी त्यांच्याकडे भाऊ नावाचा कुत्रा होता. आता भिंतीवर त्याचा फोटो आहे, एक कान उभा, एक पडलेला. इथल्या मराठी मंडळाची माणसं दर वर्षी पानिपतला रणभूमी बघायला जातात. अशीच एका वर्षी बस परत येताना एका ढाब्यावर थांबली आणि हे पिल्लू काकूंच्या पदराला लोंबकळलं. "पानिपतावर हरवलेला भाऊ आम्हाला सापडला," असं काका म्हणाले आणि तेच नाव पडलं. मंडळात दोघा-तिघांना ते आवडलं नाही. काकांनी त्यांना सांगितलं, "चेष्टेनं नाही ठेवलेलं. घरातलं माणूस म्हणून ठेवलंय."

हा भाऊ कसा गेला, ते मला माझ्याच घरच्या पूजेच्या दिवशी कळलं. घर लावून झाल्यावर मी सत्यनारायण घातला. शिरा करायला काकू आल्या होत्या, येताना माहेरचे, तासगावचे बेदाणे घेऊन. माहेरून दर वर्षी येतात, त्याचा त्यांना केवढा अभिमान. आरती झाली, माणसांची गर्दी, मी प्रसाद वाटण्यात गुंतलेली. काकू एक वाटी घेऊन ढमीकडे वळल्या. "हिलाही देते हं. प्रसाद कुणाला नाकारू नये."

एवढ्यात काका खुर्चीवरून उठले आणि त्यांनी काकूंच्या हातावर हात मारून वाटी उडवली. शिरा फरशीभर झाला. मग काका गुडघ्यांवर बसले आणि ढमीच्या आधी फरशीवरचे बेदाणे टिपून तोंडात टाकायला लागले. कुणीतरी हसलं. काकूंचा चेहरा शरमेनं उतरला होता.

"हात थरथरतो गं हल्ली," काका खालूनच म्हणाले.

मला राग आला. माझ्या नव्या घरातली पहिली पूजा होती. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "काका, बेदाणे कुत्र्याला चालत नाहीत, एवढं काकूंना सरळ सांगता येत नव्हतं?"

काकांनी आधी दार लोटलं.

"सांगितलं तर तिला कळेल, वैशाली."

"काय कळेल?"

"भाऊ कशानं गेला ते."

घरच्या पूजेत काकूंनी त्याला वाटीभर शिरा घातला होता. तेव्हा दोघांनाही काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून उलट्या, मग अन्नपाणी बंद. दवाखान्यात काकू बाहेर त्याचं पांघरूण मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि आत डॉक्टरांनी काकांना विचारलं, "हलवे में किशमिश थी?"

"मी बाहेर आलो," काका म्हणाले, "आणि तिला सांगितलं, उमर हो गई थी, किडनी आधीपासूनच गेलेली होती. डॉक्टरच तसं म्हणाले, असं सांगितलं. आता तू कुणाला बोलायचं नाहीस. बिल्कुल नाही."

तेव्हापासून हा माणूस पहारा देतोय. काकूंच्या फोनवर कुत्र्यांच्या खाण्याबद्दल काही आलं की त्या उघडायच्या आत पुसून टाकतो. पार्कात त्यांच्याबरोबर सावलीसारखा असतो, कुणी द्राक्षांचा विषय काढू नये म्हणून. आणि मी त्यांना विसरभोळा ठरवून मोकळी झाले होते. मला फार वाईट वाटलं.

परवा भाऊ गेल्याचा दिवस होता. काकूंनी मला ढमीसकट बोलावलं. फोटोला हार, पुढे शिऱ्याची वाटी, वर बेदाण्यांची नक्षी. भाऊच्या फोटोवरची धूळ पदरानं पुसत काकू म्हणाल्या, "एका गोष्टीचं मला समाधान आहे बघ. शेवटचं पोटभर खाल्लं ते माझ्या हातचं. प्रसाद खाऊन गेला. माणसांनासुद्धा असं मरण येत नाही."

मी काकांकडे पाहायचं टाळलं.

"बिल्कुल," काका म्हणाले.

काकूंनी दुसरी वाटी भरली. "ही ढमीला."

"दे, मी घालतो." काका वाटी आणि ढमीला घेऊन बाल्कनीत गेले, मीही मागोमाग गेले. दाराकडे पाठ करून त्यांनी खिशातून सफरचंदाच्या दोन फोडी काढल्या, बिया काढलेल्या, आणि ढमीपुढे धरल्या. मग भिंतीकडे तोंड करून शिरा स्वतः खायला लागले. मोठमोठे घास, भराभर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"खाल्ला का हो तिनं?" आतून काकूंनी विचारलं.

"खाल्ला, खाल्ला." काकांचं तोंड भरलेलं होतं.

"आवडला?"

"फार आवडला."

काकूंच्या पावलांचा आवाज आला. काकांनी बाहीनं तोंड पुसलं. काकू दारात उभ्या होत्या, हातात पातेलं आणि डाव, चेहरा इतका खुललेला की तसा मी कधी पाहिला नव्हता.

"मग तिला आणखी घ्या की थोडा," त्या म्हणाल्या. "भाऊनंसुद्धा त्या दिवशी दोनदा मागून घेतला होता."

काकांनी रिकामी वाटी पुढे केली.