काळ्या चित्रावरचा निबंध

"राणीसरकार एकदा झोपल्या की मी वाटेल ते करू शकते," असं मी मॅडमना ठणकावून सांगितलं होतं. राणीसरकार म्हणजे माझी पाच महिन्यांची मुलगी, आणि मॅडम म्हणजे कॉलेजात आधुनिक कलेचा इतिहास शिकवणाऱ्या आमच्या बाई. बाळंतपणात माझं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलं होतं. बाकी सगळं कसंबसं उरकलं, उरला एक निबंध. तो शुक्रवारपर्यंत दिला तर पदवी, नाहीतर कॉलेजातून नाव कायमचं कमी.

आणि निबंध तरी केवढासा! कलादालनातल्या कुठल्याही एका चित्रासमोर उभं राहायचं आणि जे दिसतं ते तिथेच हाताने लिहून काढायचं. काय वाटतं ते मात्र लिहायचं नाही. भावना घरी ठेवून या, असं मॅडमनी बजावलं होतं. भावना ठेवल्या असत्या हो, बाळ कुठे ठेवणार? ते पोटाशी झोळीत बांधलं, पिशवीत लंगोट कोंबले आणि निघाले.

मी एक पिवळंजर्द, हसरं चित्र हेरून ठेवलं होतं. राणीसरकारांनी ते पाहिलं आणि असा टाहो फोडला की शेजारच्या दालनातला संगमरवरी पुतळासुद्धा दचकला असावा. निळ्या चित्रासमोर त्या ओकल्या. लाल चौकोनांसमोर श्वास कोंडून जांभळ्या झाल्या, म्हणजे रंगसंगती पूर्ण झाली. शेवटी रखवालदारकाकांनी आम्हाला अदबीने कोपऱ्यातल्या खोलीकडे वळवलं. तिथे एकच चित्र होतं. भिंतभर, आणि काळं. तव्याच्या पाठीसारखं नुसतं काळं. राणीसरकारांनी एक जांभई दिली आणि गाढ झोपल्या.

मी पाऊल उचललं की त्यांचा एक डोळा उघडायचा. मग म्हटलं, हेच चित्र. त्या आठवड्यात मी रोज तिथे गेले. त्यांच्या पाठीवर कागद टेकवून लिहायचं आणि लिहिताना डुलत राहायचं. जागरणाने माझे डोळे गळायचे, ते पुसायला हात मोकळा नसायचा.

आता हेच काकांच्या बाजूने बघा. एक बाई रोज येते. काळ्या चित्रासमोर तासन्‌तास डुलत उभी राहते. गालांवरून धारा, आणि पोटाशी हूं की चूं न करणारं मूल. त्यांनी आधी खुर्ची आणून ठेवली, मग पाणी, मग पिशव्या ठेवून घेणाऱ्या काउंटरवरच्या मावशींना घेऊन आले. मला वाटलं, लोकांना कलेची गोडी लागते आहे. हेच चित्र का, असं मावशींनी हळूच विचारलं. मी आपलं खरं ते सांगितलं.

"बाकी कशासमोरही गेलं की रडूच फुटतं, मावशी. इथे जरा शांत होतं. शुक्रवारपर्यंतच त्रास देईन. मग सगळं संपलं."

काउंटरवर मी नवऱ्याचा फोन नंबर दिला होता. घरी पोचले तर नवरा भर दुपारी ऑफिसातून आलेला, आणि सासूबाई टोमॅटो हाताने कुस्करत होत्या. घरातल्या सगळ्या सुऱ्या गायब होत्या.

मला काही झालेलं नाही, हा निव्वळ अभ्यास आहे, हे मी परोपरीने सांगितलं. पुरावा हवा म्हणून निबंधच वाचून दाखवला. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

"वर आणि खाली असा फरक इथे उरत नाही," मी खणखणीत आवाजात वाचत होते. "उजेड कुठूनच येत नाही. खूप वेळ पाहिलं की काळ्यातही थर दिसतात. प्रत्येक थराने आधीच्याला झाकून टाकलं आहे. उजव्या कडेला एक बारीक फट राहिली आहे. नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जाते."

सासूबाईंनी बाळ माझ्याकडून काढून घेतलं. नवऱ्याने उठून गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं.

त्यानंतर मात्र माझी अशी बडदास्त राहिली की विचारू नका. बाळ सासूबाईंकडे, रात्रीचं जागरण नवऱ्याकडे, गरम जेवण माझ्या हातात. मी झोपले. पोटभर, पालथी, तोंड उघडं टाकून झोपले. जागी झाले तेव्हा कळलं, की नवऱ्याने मॅडमना माझं नाव काढून टाकायला कळवलं होतं. कारण म्हणून निबंधाचे फोटो जोडले होते.

"अरे, ते चित्र काळं आहे. मी नाही."

"बरं," तो म्हणाला. आजाऱ्याला म्हणतात तसं.

मी रडले, तर ती त्याच्या मते आणखी एक खूण झाली. म्हणून रडणं थांबवलं, तर सासूबाई म्हणाल्या, बघ, आता ही रडतसुद्धा नाही. पदवी गेली, हे मी मनाशी मान्यच करून टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी मॅडमचं उत्तर आलं. नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं. निबंध स्वीकारला होता. इतकं कोरडं, नेमकं लिखाण कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं म्हणे. लिहिणारीला आतून काहीही वाटत नाही, हे ओळीओळीत दिसतं, अशा विद्यार्थिनीचं नाव का काढायचं, असं त्यांनी विचारलं होतं.

घराने सुटकेचा निःश्वास टाकला. कॉलेजनेच लेखी दिलं होतं ना! कुलूप निघालं, सुऱ्या परत आल्या. "मी म्हणतच होते, हिला काही होत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि किंचाळणाऱ्या राणीसरकार माझ्या मांडीवर ठेवून आत आडव्या झाल्या. नवरा तर दोन-तीन रात्रींचा जागा होता बिचारा, उभ्या उभ्या पेंगत होता.

तर पदवी मिळाली. मॅडमना त्या निबंधात भावना सापडली नाही, घरच्यांना तिच्याशिवाय दुसरं काही सापडलं नाही. आणि ते फटीबद्दलचं वाक्य लिहिताना मी चित्राकडे पाहत होते की नाही, ते माझं मलाच नीट आठवत नाही.

परवा पुन्हा कलादालनात गेले. काकांना विचारलं, याहून काळं काही आहे का. माझी बरीच झोप बाकी आहे अजून.