डाव्या हाताचा आशीर्वाद

इटलीच्या रोमान्या प्रांतातल्या त्या शहरात शासक, न्यायाधीश आणि धर्मगुरू ही तिन्ही पदे कार्डिनल महाराजांकडेच होती, त्यामुळे कारभारात मतभेद नव्हते. त्रास एकच होता. भिंतींवर कोणीतरी चित्रे चिकटवून जाई: न्यायासनावर महाराजांसारखी लाल टोपी घातलेला कोल्हा, पिंजऱ्यात आरोपी कोंबड्या. शहर पोट धरून हसे.

चौकशी समितीने सहा महिने विचार करून अहवाल दिला की, वाईट चित्रांवर चांगले चित्र हाच उपाय. त्यानुसार एर्मेते या कोरक्याला हुकूम गेला: महाराज आशीर्वाद देत असलेले तैलचित्र तांब्याच्या पत्र्यावर जसेच्या तसे, केसाचाही फरक न करता कोरावे आणि त्याच्या तीनशे प्रती छापाव्यात.

एर्मेते मुळातच भित्रा. चिटणीस फादर तादेओ कामावर देखरेख करायला आले, तेव्हा तो चाचरत म्हणाला, "फादर, पत्र्यावर उलटं कोरावं लागतं. मग कागदावर सुलटं उमटतं."

"उलटं? महाराजांना?"

"आरशात दिसतं ना, तसं. उजवा हात डावीकडे..."

"एर्मेते, तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो. देवमाणूस! त्यांच्याकडे बघून मी हे ऐकलंच नाही असं समजतो."

तेव्हा एर्मेतेने सुलटे कोरले. फादरांनी पत्रा तैलचित्राशेजारी धरून एकेक बटण ताडून पाहिले. महाराजांनी स्वहस्ते शेरा मारला: 'चित्र निर्दोष आहे.'

मंगळवारच्या बाजारात तीनशे भिंतींवरून महाराज डाव्या हाताने आशीर्वाद देऊ लागले. त्या मुलखात डाव्या हाताने आशीर्वाद फक्त सैतान देतो. मासळीवाल्या टोपल्या टाकून हसल्या. इतके हसू कोल्ह्याच्याही वाट्याला कधी आले नव्हते. संध्याकाळी एर्मेते कोठडीत होता. आरोप, धर्मपीठाची चित्रमय टवाळी. शिक्षा, कोरणारा हात मनगटापासून तोडणे.

बायको ओर्सोला गजांतून भाकरी देत रडत-चिडत म्हणाली, "तीस वर्षं उलटं कोरलंत. नेमकी आत्ताच काय अवदसा आठवली?"

"अगं, लेखी हुकूम होता."

"मग उद्या हात गेल्यावर तो हुकूमच धरेल छिन्नी!"

खटल्यात फिर्यादी महाराज होते आणि न्यायाधीशही महाराज, त्यामुळे समन्स पोचायला वेळ लागला नाही. फादर तादेओंनी फाईल उघडली, शेरा वाचला आणि ते पांढरेफटक पडले. मंजुरी निर्दोष असेल तर चित्र निर्दोष; चित्र निर्दोष तर आरोपीही निर्दोष. आणि मंजुरीच सदोष असेल तर? हा पर्याय न्यायालयाने कामकाजातून वगळला.

महाराजांनी अर्धा तास प्रार्थना केली.

"दोष चित्रात नाही," ते म्हणाले. "उजवा हात ही आजवरची तात्पुरती व्यवस्था होती. ती आज संपली."

यापुढे क्रूसाची खूण डाव्या हाताने करावी. उजवा उचलणे ही टवाळी समजून तोच हात तोडला जाईल, असा फतवा निघाला. देवळातल्या दगडी संतांचे उजवे हात गवंड्यांनी दुरुस्तीसाठी काढून नेले. एर्मेतेला स्वतःचा हात सुस्थितीत परत मिळाल्याची पोच लिहून द्यावी लागली.

पहिल्या रविवारी लोक खाली माना घालून हसले. दुसऱ्या रविवारी खूण करताना कोपरे एकमेकांना लागली, भांडणे झाली. तिसऱ्या रविवारी फादर तादेओंनी प्रवचनात डावीकडेच हृदय असते हे सप्रमाण सिद्ध केले, आणि पुष्कळांना ते आधीपासूनच वाटत होते असे आढळले. कोल्ह्याचे एक नवे चित्र भिंतीवर आले. त्यातला कोल्हा उजव्या हाताने आशीर्वाद देत होता. लोकांनी चित्रकाराचे अज्ञान पाहून नाक मुरडले.

चौथ्या रविवारी पुस्तके बांधणारा म्हातारा गास्पारे तंद्रीत होता. घंटा झाली आणि साठ वर्षांच्या सवयीने त्याचा उजवा हात कपाळाकडे गेला. तो हात सर्वांत आधी पकडला एर्मेतेने. मग सगळा बाक धावला.

"सोड रे पोरा," म्हातारा कुजबुजला. "घोटाळा कुठं झाला, ते तुला तरी ठाऊक आहे ना?"

"हळू बोला, काका," एर्मेते म्हणाला. त्याची पकड सैल झाली नाही. "ते इथं सगळ्यांनाच ठाऊक आहे."